पी. उबाळे

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

बल्गेरियाहून पत्र आलं. हासानंद शेठनी केबिनमध्ये बोलावलं. एरवी उभ्यानेच बोलतात, आज म्हणाले, "बैठ ना उबाळे." तिकडच्या औषध कंपनीने आपली आणखी दोन मशीनं घेतलीत—गोळ्या पाकिटात सील करणारी. जानेवारीत ती बसवून द्यायला माणूस मागितलाय. कुठला, तेही लिहिलंय. 'पी. उबाळे, सर्व्हिस विभाग. सप्टेंबरमध्ये व्हिडिओ कॉलवरून आमचं मशीन ज्यांनी सुरू करून दिलं, त्यांनीच यावं.'

"तेरा पासपोर्ट है ना?"

"आहे शेठ."

"बस. तू जा रहा है. पंधरा दिन का बिझनेस व्हिसा. कागज बना ले."

मी हो म्हटलं.

सप्टेंबरात मी कंपनीत नव्हतोच! आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, अकरा दिवस रजेवर होतो. मशीन सुरू करून दिलं प्रीतीने. प्रीती उबाळे. शेठ खाली शॉपमध्ये, जिथे मशीनं जोडतो तिथे, येत नाहीत, त्यांना एवढंच माहीत की 'सर्व्हिसने सांभाळलं'. आणि रजेवरून आल्यावर रिपोर्टवर सही मी केली होती.

हो म्हणायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुरुनानक जयंती. कंपनी बंद. उल्हासनगरात शेठच्या गल्लीत लंगर असतो, दरवर्षी जातो. आज नाही गेलो.

काल जेवताना घरी बोलून गेलो—परदेशी जायचंय, एवढंच. ही ताटावरून उठली आणि आईला जाऊन सांगून आली. मैत्रेयीने लगेच स्टेटस टाकलं, 'माय पप्पा'. पुढे विमान.

प्रीती कुणी परकी नाही. चामटोलीच्या नाथाची मुलगी, माझी पुतणी. नाथा माझा चुलत भाऊ, सहा वर्षांपूर्वी गेला. ती आयटीआय झाल्यावर मीच तिला अंबरनाथला या कंपनीत लावली. कंपनीत सर म्हणते, बाहेर काका.

उद्या सांगणार. शेठला सांगणार—शेठ, पत्र तिचं आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

चहाच्या वेळी प्रीतीच आली. "सर, बल्गेरियाचं पत्र आलं म्हणे. बघू?"

"शेठकडे आहे," मी म्हटलं. पत्र माझ्या खिशात होतं!

"कुणाला बोलावलंय?"

"शेठने मला जायला सांगितलंय गं."

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं झालं सर. तुम्ही इतकी वर्षं केलीत." आणि परत मशीनवर गेली. मी खोटं एक शब्दही बोललो नव्हतो. पत्र शेठकडे आहे, एवढं सोडून.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते. पण इथे तरी लिहायलाच हवं.

तिकडच्या ऑफिसातल्या बाईचा मेल येणार होता—पी. उबाळेंच्या पासपोर्टची प्रत पाठवा, म्हणजे पूर्ण नावाचं पत्र करून देऊ. सर्व्हिसचा मेल रोज सकाळी प्रीती उघडते. म्हणून मी अर्धा तास आधी पोचलो. मेल आलेला होता. माझा पासपोर्ट पाठवला. मग आलेला मेल काढून टाकला, पाठवलेलाही काढून टाकला. काढलेले मेल कुठे जाऊन पडतात तेही शोधलं आणि तिथूनही काढले.

प्रीतीचा पासपोर्ट मागच्या वर्षीच झालाय. हौसेने काढला होता. पोलिस चौकशीला साक्षीदार म्हणून मीच गेलो होतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फोटो काढला. फोटोवाला म्हणतो, "काका, व्हिसाचा आहे, हसायचं नाही." मी कुठे हसत होतो!

फॉर्म चार पानी. कंपनीचं पत्र ऑफिसने टाइप केलं—'श्री. प्रमोद उबाळे यांनी सप्टेंबरमध्ये हे काम स्वतः हाताळले.' शेठने न वाचता सही केली. मी वाचून केली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मुंबईला व्हिसा सेंटरला जाऊन आलो. बोटांचे ठसे चार वेळा घ्यावे लागले. सव्वीस वर्षं कानस घासून रेघाच पुसट झाल्यात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, नीट दाबा. मशीनला कळत नाहीये तुम्ही कोण ते."

तिला काही म्हणायचं नव्हतं. तरी घामाघूम झालो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

संविधान दिनाचा कार्यक्रम होता विहारात. उद्देशिकेचं वाचन झालं. मग हरिचंद्रकाका—आमच्या विहाराचे अध्यक्ष, कुळगावात सगळे त्यांना मानतात—माइकवर म्हणाले, "आपल्या वस्तीतला माणूस कामगिरीच्या जोरावर युरोपला चाललाय. वशिला नाही, ओळख नाही, निव्वळ गुणवत्ता!" टाळ्या! शाल घातली. आई पहिल्या रांगेत, डोळ्याला काळा चष्मा. हिने नवी पांढरी साडी नेसलेली.

प्रीती आणि तिची आई चामटोलीहून आल्या होत्या. सखूवहिनी पुढे येऊन म्हणाल्या, "भावजी, आमच्या पोरीलाबी असंच पुढं न्या. तुमच्याशिवाय कोण हाये तिला?" हातात लसणीच्या चटणीची बरणी दिली. तिकडे जेवणाचे हाल होतात म्हणे.

"नेणार ना," मी म्हटलं. प्रीती दुसरीकडे बघत होती.

त्याच तोंडाने बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. घरी आल्यावर शाल कपाटात सगळ्यात खाली टाकली. ही म्हणाली, "घडी तरी नीट घाला!"

मंगळवार, २ डिसेंबर

दिल्लीहून दूतावासाचा फोन. भर दुपारी, शॉपमध्ये. बाई इंग्रजीत सावकाश बोलत होती. पगार किती, घरी कोण कोण, कधी परत येणार—जमलं. मग विचारलं, सप्टेंबरमध्ये मशीनला नेमकं काय झालं होतं? तुम्ही काय केलंत?

प्रीती माझ्यापासून दोन हात अंतरावर बसली होती. रोलरचे बोल्ट आवळत होती.

मी म्हटलं, "सील बरोबर बसत नव्हतं. मी तापमान बदललं." बाई म्हणाली, फक्त तापमान? मला पुढचं येईना. माझ्या रिपोर्टमध्ये तेवढंच होतं. प्रीतीचा पाना थांबला. तिने माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "फॉइल. त्यांची फॉइल जाड होती. म्हणून दाब वाढवला."

मी फोनवर म्हटलं, "त्यांची फॉइल जाड होती. म्हणून मी दाब वाढवला."

मी! 'मी' म्हटलं. तिच्यासमोर.

फोन ठेवला तेव्हा ती जागेवर नव्हती. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या बायकांच्यात बसली. रोज माझ्यासमोर बसते. तिच्या आईच्या हातची भाजी मला आवडते म्हणून थोडी माझ्या झाकणात वाढते.

शनिवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. घरातले सगळे चैत्यभूमीवर गेले. मी गुडघा दुखतो म्हणून राहिलो. गुडघा दुखत नाही.

बुधवार, १० डिसेंबर

पासपोर्ट आला. व्हिसा लागलाय. माझा फोटो, माझं नाव, १० जानेवारी ते १० फेब्रुवारी, त्यात पंधरा दिवस राहायची मुभा. आई त्यावरून बोट फिरवत राहिली. "तुझ्या बापाने बदलापूर ओलांडलं ते फक्त पोट भरायला." हिने खीर केली. मैत्रेयी म्हणते, "पप्पा, माझ्या कॉलेजात सगळ्यांना माहितीये."

दोन घास गेले. म्हटलं, पित्त झालंय.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सुटल्यावर प्रीतीला गेटबाहेर थांबवलं. पाण्याच्या टाकीपाशी. म्हटलं, "पोरी, ते पत्र तुझं होतं."

"माहितीये काका."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. स्टोयानने मला आधीच मेसेज केला होता, तुला बोलावतोय म्हणून." स्टोयान म्हणजे तिकडचा इंजिनिअर, सप्टेंबरात प्रीतीशी रोज बोलणारा.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच बोलाल असं वाटलं." मग म्हणाली, "रोज वाटायचं. विहारात तर फारच वाटलं."

मला रडू आलं. एकावन्न वर्षांचा बाप्या, एमआयडीसीच्या रस्त्यावर, शिफ्ट सुटलेली! तिने बॅगेतून पाण्याची बाटली काढून दिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, १३ डिसेंबर

शेठला सांगितलं. सगळं—रजा, रिपोर्ट, मेल. प्रीतीला बरोबर घेऊन गेलो.

शेठनी चष्मा काढला. "उबाळे, छब्बीस साल में तूने एक स्क्रू नहीं उठाया मेरा. और ये?" मी मान खाली घालून उभा. मग प्रीतीला म्हणाले, "तू क्यूं चुप थी, बेटा?"

तिथूनच स्टोयानला फोन लावला. त्याने लगेच कबूल केलं, प्रीतीच्या नावाने नवं पत्र देतो. शेठ मला म्हणाले, "नोकरी जाणार नाही तुझी. पर मेरे सामने कुछ दिन मत आ."

घरी सांगितलं. ही आधी गॅस बंद करून आली. मग म्हणाली, "सखूवहिनींची बरणी धुऊन परत द्यायला मी नाही जाणार. तुम्ही जा." आई म्हणाली, "नाथाच्या लेकीचं?" एवढंच. मैत्रेयीने स्टेटसवाला फोटो फेसबुकवरूनही काढला. माझ्याशी बोलत नाही.

रविवार, १४ डिसेंबर

हरिचंद्रकाकांकडे शाल परत घेऊन गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. शाल घेतली नाही, दारातूनच म्हणाले, "ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांग. पुढच्या रविवारी वंदनेनंतर."

रविवार, २१ डिसेंबर

सांगितलं. चाळीसेक माणसं होती. पंखे बंद होते, थंडीमुळे. माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

मंगळवार, २३ डिसेंबर

प्रीतीचे कागद तयार झाले. उद्या सेंटरला जायचंय, तिच्याबरोबर मीच जातोय.

संध्याकाळी ती म्हणाली, "काका, एक शंका आहे. तुमच्या अर्जात लिहिलंय, सप्टेंबरचं काम तुम्ही केलं. माझ्या अर्जात लिहिलंय, मी केलं. दोन्ही कागद दिल्लीला एकाच ठिकाणी जाणार. तुम्ही एक पत्र द्याल का? आधीची माहिती चुकीची होती म्हणून. तुमच्या सहीचं."

शेठना विचारलं. ते म्हणाले, "खाली फोकट क्यूं लफडा? कौन मिलाके देखता है." माझ्याकडे बघून म्हणाले, "लिखेगा तो तेरे पे हमेशा का बैन लगेगा. कंपनी का भी नाम खराब. तू बोल, क्या करना है?"

प्रीती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "शेठ म्हणतात ते बरोबर असेल. उगाच गोंधळ होईल गं."

बुधवार, २४ डिसेंबर

प्रीतीचे ठसे एका झटक्यात आले. बाहेर आल्यावर वडापाव खाल्ला दोघांनी. तिने स्टोयानला फोटो पाठवला. म्हणाली, तिकडे बर्फ पडतोय, आईसाठी बर्फाचा व्हिडिओ काढणार.

फार दिवसांनी हलकं वाटलं. घरी येऊन पोटभर जेवलो. हिने पण वाढलं. झालं ते झालं, आता सगळं मार्गी लागलं.

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

प्रीतीचा व्हिसा नाकारला. कागदावर कारण दिलंय—प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. याच कंपनीने याच कामाचं श्रेय आधी दुसऱ्या व्यक्तीला दिलेलं आहे.

कागद तिने मला वाचायला दिला. म्हणाली, "यापुढे कुठल्याही देशाचा फॉर्म भरला की विचारणार, आधी कधी नाकारलाय का. हो लिहावं लागणार मला. कायमचं."

शेठ म्हणाले, मशीनं तिकडे पोचलीत, थांबता येणार नाही. "उबाळे, तेरा लगा हुआ है. रविवार की टिकट निकालता हूं."

मी परवा जातोय.