छतावरचं बूच

७ जाने., बुध.
चूल उभी राहिली! रास अल खोरच्या वर्कशॉपात वीस वर्षं गेटं नि जिने केले, घर गरम करायचं यंत्र पहिलंच. गिऱ्हाईक अबू सैफ. फुजैराच्या डोंगरात त्यांचं दगडी घर, थंडीत बायकोचे गुडघे आखडतात. आत लाकूड जळणार, भोवतीच्या टाकीतलं पाणी तापून नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरणार. शेजारचे वेल्डर हसले, "दुबईत हीटर? आता वाळवंटात वाळू विक!" हसोत. रत्नागिरीच्या आमच्या न्हाणीतला बंबच हा, थोरला. अब्बा म्हणायचे, बंबाचं तोंड बंद करू नये, वाफेला वाट हवी. म्हणून एक नळी छतापर्यंत नेऊन उघडी सोडायची.

११ जाने., रवि.
अबू सैफच्या घरी चूल बसवली. गळती बघायला छतावरच्या नळीला बूच लावून प्रेशर दिलं. एक थेंब नाही. तेवढ्यात खालून अबू सैफची हाक, "यल्ला हबीबी, खाना ठंडा होता है!" मच्छी-भात, वर गहवा, त्यांची ती कडू कॉफी. गुरुवारी नातवंडं येणार, तेव्हाच पेटवणार म्हणाले.

१३, मंगळ.
पेटीत बूच नाही. गाडीत नाही. जेवून परत छतावर चढलो होतो का? आठवतो तो फक्त भात. हावरट मेला मी.
बूच तिथंच असेल नि चूल पेटली तर... टाकी फुटेल. नातवंडं भोवती बसलेली.

१४, बुध.
फोन लागत नाही. डोंगरात रेंज कुठली. झोया म्हणाली, "रिलॅक्स अब्बा, यू ऑल्वेज चेक." तिची अम्मी शबाना म्हणाली, "जीव टांगणीला लावून बसू नका, जाऊन या." उद्याची डिलिव्हरी खलास. पहाटे निघतो.

१५, गुरु.
वळणावरून आधी धुराडं बघितलं. धूर नव्हता. अंगणात पोरं लाकडं रचत होती.
बूच तिथंच. घट्ट, मी लावलं तसंच. पाना लावून काढलं, खिशात टाकलं. खाली अबू सैफ उभे, "क्या निकाला?"
"कुछ नहीं बाबा, कचरा."
त्यांनी काडेपेटी माझ्याच हातात दिली. तासाभरात म्हातारीने गुडघ्यावरची शाल काढून ठेवली, मला दुवा दिली. मान वर करवेना.

१७, शनि.
अबू सैफ शहरात आलेत, त्यांचा फोन आला. भावाच्या घरीही तशीच चूल हवी. "दूसरे किसी का भरोसा नहीं." इन्शाल्ला म्हटलं. शबाना खूश. तिलाही सांगितलंय की सगळं ठीक होतं. लाज वाटते.
सोमवारी मापं घ्यायला बोलावलंय. बूच खिशात घेऊन जाईन, त्यांच्यापुढे ठेवेन. बहुतेक.