नीराबाईची गाठ

प्रिय प्राप्ती,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. नीराबाईला नोटीस आली आहे. रुग्णालयाचा कचरा खाडीत टाकला, म्हणून कामावरून का काढू नये, असं विचारलंय. वीस वर्षं आमच्याकडे सफाई करणाऱ्या बाईला! तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवली. ती मध्येच उठली आणि बादली घेऊन वॉर्ड पुसायला गेली.

नर्सिंगच्या हॉस्टेलवर आपण एका ताटात जेवायचो. तू जिल्ह्याची अधिकारी होऊन 'हरित रुग्णालय' मोहीम घेऊन आलीस, तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता! पहिल्याच बैठकीत डॉक्टरांना थांबवून तू विचारलंस, नीरामावशी, तुम्हाला काय वाटतं? तिला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. बिचकत म्हणाली, वीज गेली की पिशव्यांचे रंग दिसत नाहीत. दूषित कचऱ्याच्या लाल पिशवीला वेगळी गाठ मारू, म्हणजे हाताला कळेल. तिची आई सुकटीचं गाठोडं बांधायची, तसली दुहेरी गाठ. आम्ही सगळे ती शिकलो. डॉक्टरांची अजूनही सुटते. श्रीवर्धनला मोहिमेची ढाल घेताना तू म्हणालीस, हे यश कर्मचाऱ्यांचं. आम्ही खुळ्यासारख्या टाळ्या पिटल्या.

मग कचऱ्याची गाडी यायची थांबली. मी तुला तीनदा कळवलं, तेव्हा तू एक टेम्पो लावून दिलास. मी निश्चिंत झाले. मागच्या रविवारी नीराबाई ओहोटीच्या वेळी दिघीच्या बाजूला खाडीत तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला गेली. दुसऱ्या दिवशी लंगडत आली आणि म्हणाली, "सिस्टर, खारफुटीत पिशव्या पडल्यात. गाठ आपलीच हाय." तिथे पडलेल्या, वापरलेल्या सुयांच्या फुटक्या डब्यातली सुई तिच्या तळपायात घुसली होती. आता अठ्ठावीस दिवस गोळ्या, मग एचआयव्हीची तपासणी. गोळ्यांनी उलट्या होतात, तरी ड्यूटी चुकवत नाही.

मी टेम्पोच्या पावत्या काढल्या. कचरा प्रक्रिया केंद्रात पोहोचला, असं प्रत्येकीवर लिहिलंय आणि खाली तुझी सही. केंद्रात चौकशी केली, टेम्पो तिथे एकदाही गेलेला नाही. तुला विचारलं, तर म्हणालीस, राज्याची पाहणी तोंडावर आलीय, एवढं चालतं गं. माझं डोकंच फिरलं. तरी वाटलं, चूक केलीस, आता निस्तरशीलही.

काल खाडीतल्या पिशव्यांवरचा तुझा अहवाल वाचला. पिशव्या नीराबाईने टाकल्या म्हणे. पुरावा काय, तर तिची गाठ! जी तू तिला विचारून, तिचं कौतुक करून आम्हा सगळ्यांना शिकवायला लावलीस, तीच. आणि खाली ओळ आहे, 'परिचारिका सादिया यांनी प्रत्यक्ष पाहिले.' प्राप्ती, मला एका शब्दाने विचारलं नाहीस गं. ही माझी मैत्रीण आहे, ती नाही म्हणणार नाही, हे तू गृहीतच धरलंस. त्याचंच सगळ्यात जास्त लागलं.

उद्या अकरा वाजता चौकशी समिती येतेय. मी काहीही पाहिलेलं नाही, हे मी सांगणार आहे आणि पावत्या समोर ठेवणार आहे. तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. आमच्या शिपायाच्या, सदाच्या हाती हे पत्र मुद्दाम आजच पाठवतेय. तू स्वतः येऊन खरं बोललीस, तर मला तोंड उघडावं लागणार नाही. नाही आलीस, तर तुझं नाव मी घेईन. तू माझं न विचारता घेतलंस, मी तुला आधी सांगून घेतेय.

उद्या अकरापर्यंत तरी तुझीच,
सादिया