दाजींची तपासणी आणि माझा ब्लॉग

शाहूनगर, चिंचवड
मंगळवार

रा. रा. दाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे रंगरावचा, वाकून नमस्कार. (अंबूचाही. ती कणीक मळते आहे, म्हणून तिच्या वाट्याचाही मीच वाकलो.) तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल. आक्काची साखर कितीवर आहे? आम्ही इकडे खुशाल आहोत असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. एरवी तुम्ही माझा फोन उचलत नाही त्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि तेव्हापासून अंबू मला दिवसाआड कारल्याची भाजी वाढते आहे. फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. पत्र फाडायचे झाले तरी माणूस आधी ते कोणाचे आहे हे बघतो, आणि बघता बघता चार ओळी वाचून होतात, असा माझा हिशेब आहे.

मूळ मुद्द्याला हात घालण्याआधी हे ब्लॉगचे खूळ माझ्या डोक्यात शिरले कसे ते सांगतो, कारण आक्का म्हणाली की तुम्ही सारखे विचारता, "त्याला लिहायला सांगितलं कुणी?" तर सांगितले योगिनीने. योगिनी म्हणजे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर शनिवारी ब्लॉग लिहायला शिकवणारी मुलगी. माणच्या बाजूला आयटी कंपनीत असते आणि सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्यांना शिकवते. (समाधान मिळते म्हणते. मला वाटते, सोमवारी ऑफिसातली माणसे हुशार वाटावीत म्हणून.) ती म्हणाली, ब्लॉग म्हणजे आपलीच वही, फक्त चौकात उघडी ठेवलेली. कोणीही यावे, वाचावे, खाली दोन ओळींचा शेरा मारून जावे. मग तिने एकेकाला विचारले की तुम्हाला ब्लॉग कशासाठी लिहायचा आहे. मंजुळाबाई म्हणून एक आहेत, त्या म्हणाल्या, "घरात मी बोलायला लागले की सून मिक्सर लावते. तिथं मिक्सर नाही ना?" क्रेन चालवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना आपल्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांची नावे, विसरायच्या आत, लिहून ठेवायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "समाजप्रबोधन." बाकीच्यांचे तिने फळ्यावर लिहिले होते. माझे लिहिले नाही.

सुरुवात करणे अगदी सोपे आहे, असे ती म्हणते, आणि ते खरेही आहे. ईमेलचे खाते असले की झाले. ब्लॉगला नाव द्यायचे, पासवर्ड ठरवायचा आणि कोऱ्या चौकोनात लिहायला लागायचे. नाव मी 'प्रबोधनधारा' दिले. पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो हे कळायच्या आत मी तो मोठ्याने वाचून वर्गाकडून तपासून घेतला. मग दुसरा ठरवला, तो इतका गुप्त ठेवला की आठवड्याने मलाच सापडेना. पहिला लेख 'शिस्तीचे जीवनातील स्थान'. किती जणांनी वाचले त्याचा आकडा तिथे दिसतो. माझा आकडा तीन होता. एक मी कॉम्प्युटरवर, दुसरा मीच मोबाइलवर आणि तिसरी अंबू, जिच्यामागे मी तिचा चष्मा पुसून घेऊन उभा होतो. दुसरा लेख 'वाहतूक कोंडी : एक चिंतन'. तो चाकणला तळेगाव चौकात बसमध्ये सुरू केला आणि बस चौक ओलांडायच्या आत शुद्धलेखनासकट पुरा झाला. त्याला दोन वाचक. (अंबू गळाली.) शेवटी योगिनी म्हणाली, "काका, शिस्त सगळ्यांना माहीत आहे हो. तुम्ही मघाशी चहाच्या वेळी ते ऑडिटरचं सांगत होता, ते लिहा. जे फक्त तुम्ही पाहिलंय, ते." दाजी, आयुष्यात पहिल्यांदा मी शहाण्या माणसाचे ऐकले, आणि त्याचे हे असे झाले.

ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या बाजूने. माझ्या बाजूने ती अशी. चौऱ्याण्णव सालचा जानेवारी. मी तेव्हा भोसरीच्या कारखान्यात गिअरची मापे तपासत होतो. माल परदेशी पाठवायचा तर सर्टिफिकेट लागते, आणि ते द्यायचे की नाही हे ठरवायला त्या दिवशी मुंबईहून ऑडिटर यायचे होते. त्यांना कोणी पाहिलेले नव्हते. नेमके त्याच सकाळी तुम्ही आक्काने दिलेले शेंगांचे पोते मला पोचवायला राजगुरुनगरहून आलात. अंगात करडी सफारी, गळ्यात शाळेची शिट्टी, काखेत तालुका क्रीडा स्पर्धेची फाइल. वॉचमनने खाडकन सलाम ठोकला. तुम्ही अठरा वर्षे ड्रिल शिकवलेले, तुम्ही उलट सलाम केलात, पोते त्याच्या केबिनपाशी ठेवलेत आणि सरळ आत चालू लागलात. मी मान वर केली तो समोर आमचे दाजी, डोक्यावर पिवळे हेल्मेट, आणि तीन पावले मागे आमचे मॅनेजर देवस्थळी साहेब हात बांधून. मी ओळख द्यायला तोंड उघडले, तर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "टोपी सरळ." मी टोपी सरळ केली.

पुढे तुम्ही शिट्टी वाजवलीत. आमच्या अख्ख्या विभागातल्या मशिनी बंद झाल्या आणि दीडशे माणसे सावधान उभी राहिली. (युनियनलाही हे कधी जमले नव्हते.) मशिनींकडे बोट करून तुम्ही म्हणालात, "ही रांग वाकडी आहे." (त्यातले एक मशिन सतरा टनांचे होते. ते दोन दिवसांनी क्रेन लावून रांगेत घेतले.) मग तुम्ही मोठ्या प्रेसपाशी गेलात, खाली वाकून फरशीला बोट लावलेत आणि म्हणालात, "इथं तेल आहे. इथून पोरगं पळालं तर पडेल. शेवटचा कोण पडला?" दीडशे माना खाली गेल्या. आठच दिवसांपूर्वी तिथे एकाचे मनगट मोडले होते आणि ते कुठल्याच कागदावर लिहिलेले नव्हते. तुम्ही फाइल उघडून लांब उडीच्या यादीखाली काहीतरी लिहिलेत, तो कागद फाडून साहेबांच्या हातात दिलात आणि चहाही न घेता कंपनीच्या गाडीतून एसटी स्टँडवर गेलात. खरे ऑडिटर अकरा वाजता रिक्षाने आले. वॉचमनने त्यांना "ऑडिटर आत गेलेत, तुम्ही बसा" म्हणून केबिनमध्ये बसवले. आत सगळा घोळ उलगडेपर्यंत तास-दीड तास ते सज्जन आक्काच्या शेंगा खात होते. सर्टिफिकेट मिळाले. कोणी कोणाला काही विचारले नाही.

त्या रविवारी मी तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही मला आल्या आल्या बाजूला घेतलेत. "रंगा, एवढ्या मोठ्या कंपनीला तपासणीसाठी माझं नाव सुचवलं कुणी?" दाजी, खरे बोललो असतो तर बातमी फुटून माझी नोकरी गेली असती ही भीती होतीच. पण खरे कारण ते नव्हे. तुमचा चेहरा तसा उजळलेला मी आक्काच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी म्हणालो, "मीच सुचवलं." तेवढ्या दोन शब्दांवर तुम्ही तीस वर्षे गावात मान ताठ ठेवून हिंडलात, आणि मी तीस वर्षे तुमच्याकडचा पाहुणचार खाल्ला.

ही सगळी हकीकत मी ब्लॉगवर टाकली. तुमचे नाव लपवले होते, हे मी शपथेवर सांगतो. 'ट. सर' एवढेच लिहिले आणि गाव 'रा. नगर'. वर तुमचा एक जुना फोटो लावला त्यातही डोळ्यांवर काळी पट्टी मारली. पण तुमची ओळख डोळ्यांत नसून मिशीत आहे, हे ध्यानात यायला हवे होते. आणि तुमच्या नावाची एवढी काळजी घेण्याच्या नादात देवस्थळी साहेबांचे नाव तसेच राहिले. चार दिवसांत आकडा नऊ हजारांवर गेला. मी वर्गात पेढे वाटले. (ते पेढे आता आठवले की घशाशी येतात.)

पुढचे मला आक्काकडून कळले. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी राजगुरुनगरला तुमचा सत्कार ठेवला होता, आणि पत्रिकेवर 'कारखान्यांनाही शिस्त लावणारे टाकळकर सर' असे छापले होते, हे मला खरेच माहीत नव्हते. स्टेजवर बोलायला उभ्या राहिलेल्या एका मुलाने (मुलगा कसला, पन्नाशीचा असेल) प्रेमानेच माझा लेख मोबाइलवर वाचून दाखवला. सगळे हसले. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलेत, शाल तशीच खुर्चीवर ठेवलीत आणि पायऱ्या उतरून घरी गेलात. आक्का फोनवर म्हणाली, "रंगा, हे सकाळचं फिरायला जायचे थांबलेत. वाटेतल्या वाड्यावरची पोरं हसतील म्हणतात. एवढंच लिहायला शिकलास का रे तू?" ती रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते. ती रागावली नव्हती.

मी त्याच दुपारी लेख काढून टाकला. काढताना खालचे शेरे दिसले. दोनशेच्या वर हसणारे चेहरे होते, आणि सगळ्यांत खाली एक ओळ होती : 'मीच तो देवस्थळी. निगडी प्राधिकरणात राहतो. येऊन भेटा.' दाजी, निवृत्त होऊनही मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अंबू म्हणाली, "आता जा आणि शिव्या खाऊन ये." गेलो. साहेब एक्क्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येते, पण नजर तीच. मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि चूक झाली म्हणायला लागलो, तर ते मला थांबवून म्हणाले, "रंगराव, ते ऑडिटर नाहीत हे मला पाच मिनिटांत कळलं होतं."

मी विचारले, "मग साहेब, थांबवलं का नाही?"

ते म्हणाले, "मी एवढे ऑडिटर पाहिले, सगळे कागद बघायचे. तुमचे पाहुणे माणसांच्या पायाखाली बघत होते. मला ते तेल रोज दिसत होतं आणि मी रोज पुढं जात होतो. त्यांना थांबवलं असतं, तर दुसऱ्या दिवशीही पुढंच गेलो असतो." मग त्यांनी कपाटातून एक कागद काढला. वर लांब उडीतल्या मुलांची नावे, खाली तुमचे अक्षर : 'फरशी कोरडी करावी. पडलेल्या मुलाची चौकशी करून घरी निरोप द्यावा.' साहेब त्याच संध्याकाळी त्या मनगट मोडलेल्या कामगाराच्या घरी गेले होते. त्याला कामावर परत घेतले. तेल वाहून जायला फरशीत चर काढला. ते निवृत्त होईपर्यंत तिथे एकही माणूस पडला नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

तर दाजी, मी नऊ हजार लोकांना जी गोष्ट सांगितली ती अर्धीच होती, आणि तुम्ही तीस वर्षे गावात जी सांगितलीत ती माझ्यापेक्षा जास्त खरी निघाली. माणसे ब्लॉग का लिहितात, असे आज योगिनीने विचारले तर मी समाजप्रबोधन म्हणणार नाही. आपल्याला वाटते गोष्ट आपली आहे. ती उघड्यावर ठेवली की तिचा उरलेला तुकडा ज्याच्यापाशी असतो, तो माणूस येऊन दार वाजवतो. (हे वाक्य मला बरे साधले आहे, पण ते असो.)

येत्या रविवारी देवस्थळी साहेबांना घेऊन राजगुरुनगरला यावे म्हणतो. त्यांनी तुमचा कागद काचेत बसवून घेतला आहे आणि तो त्यांना स्वतः तुमच्या हातात द्यायचा आहे. तुमच्या त्या विद्यार्थ्यालाही मी फोन करून बोलावले आहे. तो बिचारा तुमच्यापेक्षा जास्त घाबरला आहे. आक्काला म्हणावे, साहेबांना तिखट चालत नाही.

तुमचा अपराधी,
रंगराव

ता. क. पत्र अंबूने वाचले. म्हणाली, "अख्ख्या पत्रात माफ करा हे कुठं आहे?" मी वरपासून खालपर्यंत शोधले. खरेच नाही. शेंगा आहेत, क्रेन आहे, माझे पेढेसुद्धा आहेत. तर दाजी, मला माफ करा. चौऱ्याण्णव सालच्या त्या रविवारीच खरे सांगायला हवे होते.

आणखी ता. क. ही वरची ता. क. फक्त तुमच्यासाठी आहे, ती मी कोणाला दाखवणार नाही. बाकीचे पत्र ब्लॉगवर टाकू का, तेवढे आक्काकरवी कळवावे. योगिनी दोनदा विचारून गेली आहे.