इसारानंतरचे आठ दिवस

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुझ्यासाठी रडले, तुझ्या नावानं पान वाढलं, तुझ्या हातच्या शेंगोळ्यांची आठवण काढत जेवले, पण भांडले कधीच नाही. आज भांडायचंय. गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. पण तू होतीस तेव्हा तुझ्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती, मग मी बोलायचं तरी कधी?

आपल्या शिंगणापूरच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, पडदा होता, कुत्रं शिरू नये म्हणून एक आडवी फळी होती. कपाटालासुद्धा कुलूप लावायचं नाही, अशी गावाची रीत. चोर येणार नाही यावर अख्ख्या गावाचा भरवसा, आणि त्या गावात तू एकटी अशी, की जिचा स्वतःच्या नवऱ्यावर भरवसा नव्हता. आप्पा तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या माळांची टोपली घेऊन भाविकांच्या मागे उन्हातान्हात फिरायचे. त्यांचं मागणं फार नव्हतं. म्हातारपणी घोडेगावच्या रस्त्याला एक रसवंती टाकायची, एक बैल, एक लाकडी चरक, वर पाचटाचं छप्पर. “आता बसून धंदा करायचा, पाय साथ देत न्हाईत,” म्हणायचे. दर दिवाळीला ते विषय काढायचे आणि दर दिवाळीला तू चुलीपुढून मानही न वळवता म्हणायचीस, “पैका कुठंय?” पैका ज्वारीच्या कणगीत होता. मला माहीत होतं, कारण माझा हात बारीक म्हणून आत घालायला तू मलाच लावायचीस. आप्पा टोपली घेऊन फिरता फिरताच गेले. तेराव्याला तू तीच कणगी रिकामी केलीस आणि गावजेवण घातलंस. “लोकांनी नाव काढलं पायजे,” म्हणत पंगतीतून मिरवत होतीस. बुंदी वाढायला मी होते.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि तू नेवाशाला जाऊन पत्र्याची पेटी आणि पितळी कुलूप घेऊन आलीस. कुलूप तू जन्मात कधी हाताळलं नव्हतंस. दुकानदारानं दाखवलं तसं, पदराआड धरून, मला ते उघडून लावून दाखवलंस. “हितं लावता येत न्हाई, तितं लाव. आन् किल्ली नवऱ्याला दावू नको.” मला तेव्हा वाटलं, केवढी माया. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा मोठ्या कौतुकानं तुला सांगितलं की ब्लाउज शिवून मिळालेले पहिले पैसे मी ह्यांच्या हातात दिले आणि ह्यांनी त्यात भर घालून मशीनशेजारी ठेवायला टेबलफॅन आणला. तू भाकरी थापायची थांबलीस. “येडी का खुळी तू? आज फॅन आनला, उद्या भावाला दील. पुरुषाच्या हातातला पैका गावाचा आसतो.” गाडीत बसेपर्यंत तू माझ्याशी नीट बोलली नाहीस. त्यानंतर मी ह्यांच्या हातात एक पैसा ठेवला नाही.

हे नागापूरला एका कारखान्यात फिटर होते. पाळी करून यायचे, पगार आणून माझ्या हातात द्यायचे, कारण पारनेरकडच्या त्यांच्या घरात तशीच पद्धत. मी तो पगार घरात खर्च करायचे आणि माझं शिवणाचं, भिशीचं सगळं पेटीत. पुढे पेटीतून पतसंस्थेत, आणि पावत्या परत पेटीत. ह्यांनी कधीमधी विचारलं तर मी म्हणायचे, “दोऱ्याबटनात जातंय सगळं.” तीस वर्षं दोऱ्याबटनात जातंय म्हणून सांगितलं आणि त्या भल्या माणसानं ते ऐकून घेतलं.

खरी लढाई निवृत्तीच्या आधी दोन वर्षं सुरू झाली. ह्यांना वाटणीला आलेल्या जमिनीवर जायचं होतं. बोअर घ्यायचा, दोन खोल्या बांधायच्या, सीताफळं लावायची. मला शहरातच, सावेडीत लिफ्टवाला फ्लॅट हवा होता. माझे गुडघे गेलेत, पारनेरच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे लावायची माझी हौस फिटलीय. रोज जेवताना तेच. “तुला माती नको, मग म्या काय गॅलरीत नांगर धरू?” हे विचारायचे. मी म्हणायचे, “धरा की, बैल मी होते.” हसू दोघांनाही यायचं नाही. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून फ्लॅटला कमी पडत होतं. एकदा त्यांनी सरळ विचारलं, “तुझ्याकडं काय हाय का?” मी म्हणाले, “माझ्याकडे कुठून?” मला भीती होती की कळलं तर ते बोअरमध्ये जाईल. तुझंच वाक्य, आई, माझ्या डोक्यात बसलेलं. पुरुषाच्या हातातला पैका गावाचा असतो.

मग एका सोमवारी ते गावाला जाऊन आले, चप्पल काढता काढता म्हणाले, “चुलतभावाला जमीन देऊन टाकली. इसार घेतला. आठ दिसांनी खरेदीखत. घे तुझा फ्लॅट.” आणि आंघोळीला गेले. आठ दिवस होते माझ्याकडे. मी पावत्या बाहेर काढल्या, बेरीज केली. फ्लॅटला जेवढं कमी पडत होतं, जवळजवळ तेवढंच पेटीत होतं. जमीन विकायची गरजच नव्हती. इसार परत करून व्यवहार मोडता आला असता, चुलतभाऊ चार शब्द बोलला असता, बस. पण सांगायचं म्हणजे तीस वर्षांचं खोटं सांगायचं. मी पावत्या परत आत ठेवल्या. आठव्या दिवशी ह्यांना इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि डबा भरून दिला.

आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. हे सकाळी खाली जाऊन सोसायटीच्या कुंड्यांना पाणी घालतात. माळ्यानं दोनदा हटकलं, तरी जातात. काल चुलतभावाचा फोन आला, बोअरला पाणी लागलं म्हणून. फोन ठेवल्यावर हे अगदी सहज म्हणाले, “थोडं कमी पडलं, न्हाईतर इकली नसती. खरंच तुझ्याकडं काय नव्हतं का गं?”

तू घडवलंस मला अशी, असं म्हणून मोकळं व्हायला म्हणून मी हे लिहायला बसले. शिव्या घालायच्या होत्या तुला, घातल्या. त्यातली एकही परत घेत नाही. पण काल मला कुणी शिकवायला नव्हतं. चहा गाळता गाळता मी म्हणाले, “नाही हो, कुठून असणार?” आणि त्यांनी लगेच मान डोलावली.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच तुला लिहिलं. ज्यांना वाचून दाखवायला हवं ते भिंतीपलीकडे दुपारचे पडलेत, जागे आहेत, खोकल्याचा आवाज येतोय. मी अजून उठलेली नाही.