मेहुण्याच्या वाफ्यातली अमरवेल

४ सप्टेंबर

मेहुण्याच्या नर्सरीत अमरवेल निघाली! कुंपणाच्या रोपांवर पिवळ्या दोऱ्यांचा नुसता गुंता. ऐकून आधी बरं वाटलं — खोटं कशाला लिहू. मग आठवलं. ती तीनशे रोपं महिन्यापूर्वी मीच त्याला दिली होती. देण्याआधी माझ्या वाफ्यात वेल दिसली, तेव्हा हातानं दोरे ओढले, रोपं झटकली, म्हटलं झालं साफ. नखाएवढा तुकडा राहिला तरी ती पुन्हा धरते, हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! रोपं उपटायला मन धजलं नाही.

त्यानं शेतकी खात्याला माझं नाव सांगितलं की माझा परवाना गेला.

५ सप्टेंबर

त्यानं अख्खा वाफा रोपांसकट उपटून जाळला. फुलं यायच्या आत. शेतकी साहेब म्हणे, "असा माणूस पाहिजे!" घरीही तेच दळण. बायको वाढता वाढता, "माझ्या भावाचं काळीज मोठं. तुम्ही असता तर एकेक रोप कुरवाळत बसला असता." गिऱ्हाइकं तर माझ्याच फाटकात उभी राहून मला विचारतात — "तुमच्या मेहुण्याची नर्सरी कुठेशी हो?"

७ सप्टेंबर

आज मीही वाफा जाळला. बघायला काळं कुत्रं नव्हतं.

९ सप्टेंबर

खत मागायच्या निमित्तानं त्याच्याकडे गेलो. आत साहेबांचा आवाज. हिरव्या जाळीमागे थांबलो — कान तिखट आहेत माझे, दुसऱ्यांचे भाव ऐकूनच धंदा उभा केला.

"रोपं कुणाची? नाव सांग, नाहीतर हंगामभर टाळं."

"माझीच, साहेब. बी मीच टाकलं."

"तुझ्या दाजींकडची नाहीत ना?"

"दाजी? छे हो! ते असलं रोप दारात उभं करायचे नाहीत."

साहेब गेले. मेहुणा मला बघून हसला. "खत हवंय दाजी? सगळंच न्या. टाळं लागल्यावर मला काय उपयोग?"

लेकाचा! मोठेपणातही पुढे गेला. पोतं मात्र उचलून आणलं.

१० सप्टेंबर

साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून माझं नाव मीच सांगितलं. टाळं माझ्या फाटकाला. त्याचं फाटक उघडं — आणि मला हेवा वाटत नाही, असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही.