शंभरपैकी एक्याण्णव गुणांचा चाकू

३ जानेवारी, सोमवार

या वर्षी रोजनिशी लिहायचीच. रोज. (काल आणि परवा धरायचे नाहीत.)

आज बाबांना डॉक्टरांकडे नेलं. बाबांना बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले की हृदय फार थकलंय, त्यांना कुठे न्यायचं असेल तर या महिना-दीड महिन्यात नेऊन आणा. परत येताना गाडीत बाबांना विचारलं, कुठे जावंसं वाटतं. पक्षाघातानंतर ते मोजकंच बोलतात, पण हे उत्तर तोंडात तयार होतं. तळ्यावर. आई असताना दोघं सुट्टीच्या दिवशी तिथे जायचे. बाबा बुकबाइंडर. कातडं तासायच्या चाकूनेच तिथे सफरचंद कापायचे. कितीही धुतला तरी चाकूला पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा वास, त्यामुळे सफरचंदालाही. लहानपणी मीही खाल्लंय.

निर्णय: येत्या रविवारी तळं. पण तयारीशिवाय नाही. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. तयारीशिवाय घराबाहेर पडणाऱ्यांचं काय होतं, ते रोज माझ्या टेबलावर फाइल होऊन पडतं.

संध्याकाळी नेटवर चार तास अभ्यास. आउटडोअर किटमधली पहिली वस्तू: भरवशाचा, टिकाऊ चाकू. पाणी दुसऱ्या नंबरावर. पाणीसुद्धा!

बायको म्हणाली, तळं चाळीस मिनिटांवर आहे आणि तिथे कॅन्टीन आहे. तिला आउटडोअर ही कल्पनाच मुळात समजलेली नाही.

५ जानेवारी

स्वयंपाकघरातल्या चाकूंची तपासणी केली. एकूण सात. सातही नापास. दोन चाकूंची मूठ हलते, एकाचं टोक मोडलंय, एकाने म्हणे फक्त पावच कापायचा. बायकोने विचारलं, मग इतकी वर्षं तू काय दातांनी तोडून खात होतास का? एक्सेलमध्ये तक्ता करायला घेतला.

९ जानेवारी, रविवार

तळं पुढच्या रविवारवर. कारण सबळ आहे. तक्त्यात अकरा चाकू आणि चौदा रकाने झालेत: पोलादाचा प्रकार, गंज, लॉक, पकड, पात्याची लांबी, खिशाची क्लिप वगैरे. एवढा अभ्यास अर्धवट टाकून निघणं म्हणजे बेजबाबदारपणा.

बाबा सकाळी आठ वाजता बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. समजावून सांगितलं. बरं, म्हणाले. बूट मात्र दुपारी जेवायच्या वेळी काढले.

१२ जानेवारी

ऑफिसात कर्नलशी चर्चा. कर्नल हे टोपणनाव. तो लष्करात कधीच नव्हता, फक्त मिशा आहेत. पण विषयात गती आहे. त्याचं म्हणणं असं की चाकू सहलीपुरता ठेवायचा नसतोच, तो रोज खिशात हवा. हात आणि चाकू यांची ओळख व्हावी लागते.

पटलं. येताना हार्डवेअरच्या दुकानातून एक घडीचा चाकू घेतला. फक्त सरावासाठी. तक्त्यात गुण: ४६. दुकानदाराने विचारलं, कशाला हवाय? रोजच्या वापराला, म्हटलं. तो म्हणाला, रोज काय कापता? असली माणसं दुकान कशी चालवतात कोण जाणे.

१४ जानेवारी

ऑफिसच्या गेटवर चाकू जमा करून घेतला. आठ वर्षं मला ओळखणाऱ्या वॉचमनने! त्या बदल्यात पितळी टोकन. नंबर सतरा. दिवसभर चाकूऐवजी टोकन खिशात. कर्नलने सगळ्या मजल्यावर सांगितलं.

दिवसभरात चाकूची गरज एकदाच पडली. कुरिअरचं पाकीट उघडायला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पट्टीने उघडलं.

१६ जानेवारी, रविवार

डाव्या हाताने लिहितोय.

सकाळी निघायच्या आधी चाकूची शेवटची चाचणी घेत होतो. लॉक सुटलं. तर्जनीला तीन टाके. बायकोने गाडी काढली, दवाखान्यात नेलं. परत येताना ती म्हणाली, तळं याच रस्त्याला आहे, घरून बाबांना घेऊन असंच पुढे जाऊ या का. जखमी माणसाला असं विचारतात?

घरी आलो तर बाबा खुर्चीत. पायात बूट. पट्टी बघितली, मग चाकू मागितला. उघडला, मिटला, आणि हसले. पक्षाघातानंतर पहिल्यांदाच हसले. तोंडाची एकच बाजू हसते, पण हसले. मग कपाटाच्या खणाकडे बोट दाखवलं.

खणात त्यांचा चाकू. जाड लोकरी कापडात गुंडाळलेला. चव्वेचाळीस वर्षं एकच. घासून घासून पातं बोटाच्या रुंदीइतकं उरलंय. मुठीला बांधणीचाच दोरा, घामाने काळा पडलेला. हा घे, म्हणाले. तळ्यावर हाच.

प्रेमळ माणूस. पण प्रेमावर चाकू निवडत नाहीत. लॉक नाही, क्लिप नाही, पोलादाचा प्रकार कुठेही कोरलेला नाही. तक्त्यात गुण: १८.

२२ जानेवारी, शनिवार

उत्तम कल्पना सुचली. उद्या तळ्यावर बाबांचाच चाकू न्यायचा, पण आधुनिक धार लावून. मुलाकडून वडिलांना भेट. बाबा आयुष्यभर दगडावर पाणी टाकून तासन्तास घासत बसायचे. खालच्या मजल्यावरच्या प्लंबरकडून इलेक्ट्रिक ग्राइंडर आणला. प्लंबर म्हणाला, पाइपाचं ठीक आहे, चाकूचं बघा हं, जपून. पाइपवाल्याला चाकूचं काय कळणार.

गॅलरीत काम केलं. काय ठिणग्या! अकरा मिनिटांत धार. टोकापासून पार मुठीजवळपर्यंत पातं सुंदर निळं झालंय, मोराच्या पिसासारखं. पोलाद उच्च दर्जाचं असल्याची ही खूण असावी. गुण १८ वरून ३० करतो.

२३ जानेवारी, रविवार

बाबांनी बूट घातले होते. मी चाकू त्यांच्या हातात दिला. आधी अंगठा धारेवर आडवा फिरवला. मग टेबलावरचा कागद घेऊन कापून बघितला. कागद फाटला. मग चाकू खिडकीकडे नेऊन तो निळा भाग बराच वेळ पाहिला.

जळलं, म्हणाले. एवढंच.

कोणी केलं ते विचारलं नाही. चाकू कापडात गुंडाळला, खणात ठेवला. परत येऊन खुर्चीत बसले आणि स्वतःच्या हाताने बूट काढले. एरवी बायकोला वाकून काढावे लागतात. आज पाऊण तास लागला, पण मदत घेतली नाही. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

म्हणजे आज तळं रद्द झालं ते त्यांच्या इच्छेने. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

दुपारी वाचलं. निळं होईपर्यंत तापलेल्या पोलादातला कठीणपणा निघून जातो. मग कितीही घासा, धार टिकत नाही. बाबांना हे कुठे वाचावं लागलं नाही.

तक्ता: बाबांचा चाकू, बाद.

२६ जानेवारी

बाबा झोपलेले असताना खणातून चाकू काढून धारवाल्याकडे नेला. त्याने नुसतं पाहिलं आणि विचारलं, हे पाप कोणाचं? एका मेकॅनिकचं, म्हटलं. तो म्हणाला, निळं आहे तिथपर्यंत घासून काढावं लागेल, आणि तेवढं काढलं तर मूठच उरेल. मग म्हणाला, हा चाकू ज्याचा आहे त्याचा हात फार हलका असणार, चाळीस वर्षं घासूनही पातं कुठे वाकडं नाही. त्या मेकॅनिकला सांगा, म्हणाला, तू पाइपच काप.

पाइप हा शब्द त्याला कसा सुचला कळत नाही. चाकू परत खणात ठेवला. बाबांना खरं सांगायचं ठरवलंय. घरी नको, तळ्यावर निवांत सांगेन.

३० जानेवारी, रविवार

शोध संपला! तक्त्यात पहिला आलेला चाकू मागवला. शंभरपैकी एक्याण्णव. परदेशातून यायला तीन आठवडे. २० फेब्रुवारी, रविवार, तळं, नक्की. कॅलेंडरवर लाल गोल केला.

बायको म्हणाली, तीन आठवडे थांबायला डॉक्टरांनी सांगितलंय का? मी आत्ता त्यांना घेऊन जाते, तूही चल. चाकूशिवाय नाही, म्हटलं. मग ती जे बोलली ते शब्दाला शब्द लिहून ठेवतो, म्हणजे उद्या तिलाच वाचून दाखवता येईल. तुला चाकूचं काही पडलेलं नाही, म्हणाली. बाबांनी मागितलेली ही शेवटची गोष्ट आहे, ती एकदा झाली की मागे काही उरणार नाही, म्हणून तू लांबवतोयस. तुला वाटतं, तळं बाकी आहे तोवर ते थांबतील.

कुठेतरी काहीतरी वाचते आणि मला चिकटवते. तसं काहीही नाही.

बाबांना कॅलेंडर दाखवलं. मान हलवली. हल्ली तळ्याचं नाव काढत नाहीत. आज बूटही घातले नव्हते.

८ फेब्रुवारी

सकाळी बाबांना श्वास लागला. ॲम्ब्युलन्स. फुप्फुसात पाणी.

हॉस्पिटलच्या गेटवर मेटल डिटेक्टर वाजला. खिशात सरावाचा चाकू. बाबांचं स्ट्रेचर आत गेलं आणि मी रजिस्टरमध्ये सही करत उभा. टोकन नंबर चार.

१० फेब्रुवारी

पार्सल निघाल्याचा मेसेज आला. सगळं वेळेवर चाललंय. डॉक्टरांना विचारलं, वीस तारखेला दोन-तीन तास बाहेर नेता येईल का. डॉक्टर म्हणाले, आज त्यांच्याजवळ बसा.

बसलो.

१२ फेब्रुवारी

बाबा उजव्या हाताचा अंगठा चादरीच्या काठावरून आडवा फिरवतात. सारखा. नर्सला वाटलं आकडी येतेय. मी तिला सांगितलं, ते धार बघतायत.

नर्स म्हणाली, काही मऊ खात असतील तर द्या. खाली जाऊन सफरचंद आणलं. चाकू गेटवर. शेवटी चमच्याने खरवडलं. बाबांनी दोन चमचे खाल्ले. मग काहीतरी म्हणाले. कान जवळ नेला. वास नाही, म्हणाले. सरसाचा.

तेव्हाच सांगून टाकावंसं वाटलं. ग्राइंडरचं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण नर्स होती, शेजारच्या खाटेवरचे लोक होते. अशा गोष्टी अशा ठिकाणी बोलायच्या नसतात. वीस तारखेला.

१५ फेब्रुवारी

बाबा गेले. सकाळी सहा वीस.

बाहेर पडताना गेटवरच्या माणसाने हाक मारून चाकू परत दिला.

१८ फेब्रुवारी

पार्सल आलं. चाकू उत्तम आहे. मूठ हातात बरोबर बसते. लॉक पन्नास वेळा उघडून-मिटून पाहिलं, एकदाही सुटलं नाही. कागद हवेत धरून कापला. तक्त्यातले एक्याण्णव गुण योग्य होते.

बायकोने विचारलं, आता काय कापणार?

२० फेब्रुवारी, रविवार

कॅलेंडरवर लाल गोल होता. बायको म्हणाली, चल. गेलो.

चाकू नेला नाही. विसरलो असं लिहिणार होतो. विसरलो नाही. दाराजवळच्या टेबलावर होता, दिसत होता, उचलला नाही.

तळ्याकाठी बाक आहेत. पाणी आहे. बाकी काही नाही. बायकोने पिशवीतून सफरचंद काढलं आणि माझ्या हातात दिलं. काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

कॅन्टीनमध्ये जाऊन चाकू मागितला. कॅन्टीनवालीने मान वर न करता बोट दाखवलं. पिवळ्या मुठीचा लहानसा चाकू, सुतळीने काउंटरला बांधलेला. ती म्हणाली, रोज दहा जण मागतात, उचलून नेतात म्हणून बांधून ठेवलाय, इथेच उभं राहून कापा. आधी एक म्हातारे यायचे बायकोला घेऊन, म्हणाली, तेवढेच काय ते स्वतःचा चाकू आणायचे.

बोथट होता. लॉक नाही, क्लिप नाही. सफरचंद कापलं गेलं. अर्धं बायकोला दिलं. माझं अर्धं नाकाजवळ नेऊन पाहिलं. वास नव्हता.

घरापासून अडतीस मिनिटं लागली, दोन सिग्नल धरून.