‘मामलेदार’ या कुत्र्यास धरून नेण्याचा आदेश रद्द होणेबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
विभागीय कार्यालय, सोलापूर.
(साहेबांच्या हातीच द्यावा. आवक टेबलावर ठेवू नये.)

विषय : अर्जदाराच्या कुत्र्यास खरूज नसून गहू सोसत नाही, सबब सोमवारची गाडी न पाठविणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस दि. १६ जानेवारी १९७८. २) अर्जदाराचे मागील दोन अर्ज, जे आवक टेबलापर्यंत गेले आणि पुढे कोणास दिसले नाहीत.

महोदय,

१. अर्जदार हरिबा कोंडीबा ढेकळे, वय ७१, हा कापड गिरणीच्या फाटकावर अठ्ठावीस वर्षे रखवालदार होता. पोटाला अकरा चादरी गुंडाळून निघालेला इसम त्याने नुसत्या श्वासावरून धरला होता. सांगण्याचे कारण, अर्जदाराचा संशय सहसा वाया जात नाही. कुत्र्याच्या नावात कोणा अधिकाऱ्याचा अपमान नाही. ते दिवसभर लोडाला टेकून पडते व खाण्याशिवाय उठत नाही, म्हणून गल्लीनेच ते नाव पाडले.

२. मामलेदार खाजवून खाजवून पाठीवर उघडा पडला. शेजारी श्री. चन्नवीर, जे आपल्याच कार्यालयात आवक-जावक कारकून आहेत, यांनी ‘गल्लीला खरूज लागेल’ अशी तक्रार दिली व नोटीस निघाली. परंतु नोटिशीच्या महिनाभर आधीच जनावरांच्या दवाखान्यातील डॉ. मकदूम यांनी कातडी खरवडून, काचेखाली पाहून सांगितले, “काका, ही खरूज नाही. खाण्यातलं बाधतंय, बहुतेक गहू. सहा आठवडे ज्वारीची भाकरी आणि उकडलेलं अंडं. दुसरा कणही नको.”

३. कणही दिला नाही, तरी खाज हटेना. अर्जदाराने आधी अंडेवाल्यावर संशय घेतला, नंतर कोंबडीवर. पुढे पिठाच्या गिरणीत आपली ज्वारी कोणाच्या तरी गव्हावर दळली जाते हे दिसले, तेव्हा जाते काढून तो या वयात स्वतः दळू लागला. तरीही दुपार टळली की मामलेदार भिंतीला पाठ घासायचा. घरात गहू नाही, मग हा येतो कुठून?

४. सबब अर्जदार तीन दुपारी पाण्याच्या पिंपाआड बसला. तिसऱ्या दुपारी चन्नवीर यांच्या मागच्या खिडकीतून एक हात आला. विष असणार म्हणून अर्जदाराने झडप घातली, तर हाती तूप लावलेली चपाती! हात चन्नवीर यांच्या आईचा, नीलव्वाचा. म्हातारी कळवळून म्हणाली, “वरडू नगं रं हरिबा. लेक हापिसात लागला आन् घरात भाकरी बंद झाली. माजा जलम भाकरीवर गेला, ही चपाती गळ्याखाली उतरत न्हाय. ताटात ठिवली तर सून म्हनती, माज्या हातचं नगं झालंय. ह्यो तरी खातोय की.”

५. त्या दिवसापासून मामलेदाराच्या पिठातली एक भाकरी खिडकीतून आत जाते. बाहेर येणारी चपाती अर्जदार स्वतः खातो, त्यास काही खाजत नाही. आज अठरा दिवस झाले. मामलेदाराची खाज थांबली असून पाठीवर एवढे केस आले की काल तिथे ठेवलेली सुपारी अजून सापडलेली नाही. मात्र हे लेकाला न सांगण्याचे वचन म्हातारीने घेतले आहे. सबब आपण समक्ष येऊन पाठ पाहावी, आदेश रद्द करावा आणि कारण फायलीत लिहू नये, कारण फाईल कोणाच्या हातून जाते हे वर आलेच आहे. सोमवारी गाडी आली तर कुत्रे जाईल, आणि त्याच्यामागे म्हातारीची भाकरीही.

आपल्या एका सहीकडे डोळे लावून बसलेला,
हरिबा कोंडीबा ढेकळे
सोलापूर, दि. ९ फेब्रुवारी १९७८

सोबत : १) डॉ. मकदूम यांची चिठ्ठी. २) मामलेदाराचे नवे केस, पुडीत.

ता. क. : या अर्जावर आवकचा शिक्का बसला असेल, तर तो चन्नवीरने वाचला असे समजावे. तसे असेल तर चन्नवीर, बाबा, हाही अर्ज ठेवून घे. सोमवारची गाडी तेवढी थांबव, आणि संध्याकाळी आईजवळ बसून तिला विचार, काय खावंसं वाटतंय. वचन मी मोडलेलं नाही. साहेबांच्या नावचं पाकीट तू फोडलंस.